कप्पे किती

पेपर सुटला. दोन वाजून दहा मिनिटं.
मानेवाड्याचं डांबर मऊ व्हायला
अजून महिना होता,
पण सायकलींच्या सीटा हात लावू देत नव्हत्या.
म्हणून आम्ही भिंतीच्या सावलीत,
हातभर रुंद सावली, तिच्यात सहा जणं,
पाठी चुन्याला टेकून पांढऱ्या,
प्रश्नपत्रिका मांडीवर.

"पहिल्याचं का लिवलं बे?"
"मायटोकाँड्रिया."
"मी बी."
एवढ्यावरच सगळ्यांचा श्वास सुटला,
दवाखान्यातून कुणाला तरी
घरी सोडल्यासारखा.

मग हृदय. मग झडपा.
नितांत डहाकेनं डावी बाजू उजवीकडे काढली होती.
"आरशात पाह्यलं तं बरोबरच आहे ना," तो म्हणाला
आणि कुणी हसलं नाही.
जो तो मनातल्या मनात
आपली आकृती आरशासमोर धरून बसला.

प्रश्न तीन, क.
जास्वंदाच्या अंडाशयात कप्पे किती?
गुण एक.

वैदर्भी खोब्रागडे म्हणाली, तीन.
ती म्हणाली म्हणजे संपलं.
तिच्या नावांच्या रेघा पट्टीनं मारलेल्या असायच्या,
तिच्या वहीची झेरॉक्स
रेशीमबागेपर्यंत जायची.
माना हलल्या. माझीही.

मी आधी पाच लिहिलं होतं.
कुठून आलं ते पाच, मला सांगता आलं नसतं.
शेवटच्या दहा मिनिटांत
तिरकी नजर गेली, तिच्या पेपरातल्या तिनाचं
पोट दिसलं,
आणि मी माझ्या पाचावर दोन रेघा ओढल्या,
एक पुरली असती.

पलाश उईके तेवढा बोलत नव्हता.
"मी तं सोडूनच देलो तो," म्हणाला,
उठला, पाण्याच्या टाकीकडं गेला,
आला तेव्हा हातात जास्वंद,
लाल, दुपारचं, थोडं दमलेलं.
"ब्लेड दे बे कोणी."

पाकळ्या गेल्या आधी. बोटं चिकट, जांभळट.
मग ती लांब नळी, परागांची पिवळी धूळ,
मग खालचं हिरवं, वाटाण्याएवढं.
प्रश्नपत्रिकेवरच ठेवलं त्यानं, सूचनांच्या वर,
आणि आडवा काप दिला.

सहा डोकी खाली आली,
सावली आणखी लहान झाली.

पाच.
मधल्या खांबाला टेकून पाच खोल्या,
खोल्यांत पांढरे दाणे,
कुणी न बोलावता जमलेले.

कुठंतरी अजनीच्या बाजूला इंजिन ओरडलं.
"तुले माहीत होतं?" वैदर्भीनं विचारलं.
"नाही ना. माहीत नव्हतं
म्हणून तं कापलं."

तेवढ्यात रामटेके काका काठी घेऊन:
फुलं तोडाले येता का पेपराले!
आम्ही सायकली उचलल्या, सीटा भाजल्या तरी.

घरी येऊन मी आईला काही बोललो नाही.
तिच्या गणपतीला रोज सकाळी
कुंपणावरून जास्वंद मीच आणतो,
दांडी धरून, शेंडा वर करून.
शेंड्यावर मखमली लाल ठिपके असतात.
दुसऱ्या दिवशी मोजले.
असणारच होते तेवढे.
फूल तसंच देव्हाऱ्यात ठेवलं,
आणि त्या एका गुणाचा राग
कुणावर काढावा ते कळेना.

परवा भूमितीचा पेपर.
वैदर्भी पुढच्या रांगेत, जरा तिरकी.
तिनं कंपास उघडला:
कर्कटक, कोनमापक, तुटकं खोडरबर,
आणि कोपऱ्यात वाळून तपकिरी झालेली
एक चकती, नखाएवढी.

मी तिच्या पेपरात पाहिलं नाही त्या दिवशी.
डब्यात मात्र पाहिलं.
आक्रसले होते,
पण पाचही होते.