खोकल्याची वही

सहाला बंदी होते.
हवालदार दांडा टेकवत मोजतो
आणि दारातून ओरडतो, "टोटल बरोबर!"
मग माझी मोजणी सुरू.

जेल दवाखान्यातल्या सोनांबेकर बाईंनी
दोनशे पानी वही दिली, अर्धी शिसपेन्सिल दिली.
म्हणाल्या, "केदू, तुला नाहीतरी झोप नाही.
ऐकत जा. कोण खोकतं, किती दिवस, ओला की सुका.
दोन आठवडे झाले की नाव सांग."

साठ जणांच्या बराकीत एकशे अठरा.
एकाचे पाय दुसऱ्याच्या उशाला,
एकाचा उच्छ्वास तिसऱ्याचा श्वास.
महिन्याभरात अंधारात माणसं ओळखू लागलो:
बिडीचा खोकला खरवडतो,
तंबाखूचा घसरतो,
रडू लपवायला कुणी खोकतं,
ते मी लिहिलं नाही.

उस्मान पिंजारी टॉवेल कोंबून खोकायचा.
तेराव्या रात्री सरकत कानाशी आला,
"शनिवारी मुलाखत. पोरगी येतेय घोटीहून.
नाव दिलंस तर जाळीपर्यंतसुद्धा सोडणार नाहीत."

इथं चुगलीला माफी नाही.
मी स्वतः आत आलो तो एकाच्या चुगलीनंच.

नाशिकरोड स्टेशनात मालगाडी रात्रभर धक्के खात होती.
उस्मानपासून वीतभर अंतरावर
एकोणीस वर्षांचा हेमराज झोपलेला,
तोंड उघडं.

लिहिलं.

शनिवारी उस्मान वेगळ्या खोलीत,
हातात थुंकीची डबी.
पोरगी आली, गेटवरून परत गेली.
भत्त्याची पुडी गेटवरच राहिली.

बाई साहेबांना म्हणाल्या, झरोके उघडा.
कधीकाळी कुणी पळालं होतं,
तेव्हापासून त्यांत विटा भरलेल्या.
साहेब म्हणाले, सुरक्षा.
बाई म्हणाल्या, "माणूस जाईल एवढं नको,
वारा येईल एवढं पुरे."
कागद दोन महिने फिरला.
एका दुपारी चार विटा निघाल्या, जाळी बसली,
आणि मालधक्क्यावरच्या कांद्याचा वास
आमच्या अंगावर येऊन बसला.
कुणीतरी शिव्या दिल्या. कुणी तोंड वर करून उभं राहिलं.

सहा महिन्यांच्या गोळ्या संपल्या.
उस्मान परतला, गालांवर थोडं मांस घेऊन.
पथारी टाकली माझ्यापासून सगळ्यात लांब.
हेमराजची तपासणी कोरी आली, त्याला काहीच माहीत नाही.
उस्मान माझ्याकडे बघत नाही.
मीही वहीत बघतो.

हल्ली पहाटेकडे माझाच घसा खवखवतो.
धूळ असेल. कांद्याचा उग्रपणा असेल.
मी टॉवेल ओढतो, वही मिटतो,

आणि अंधाराच्या त्या टोकाकडून,
इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा:
"चौदा रात्री झाल्या, केदू.
ओला आहे.
लिही."