डाव्या कुशीचं जाळं

पेकास उताणी पडते तेव्हा
चारही पाय छताकडे,
लाज नाही, शरम नाही.
पिल्लू होती तेव्हा पोट कोलंबीसारखं गुलाबी,
त्यावर चार तपकिरी ठिपके.
त्या ठिपक्यांवरूनच नोल्फानं तिचं नाव ठेवलं.

यंदा जूनच्या थंडीत
टबात उभी करून तिला धुताना दिसलं:
डावीकडे, शेवटच्या बरगडीपासून मांडीच्या खोबणीपर्यंत
तांबूस-काळ्या रेघा,
एकीतून दुसरी फुटलेली.
मला वाटलं, स्टोव्हची काजळी.
फडकं ओलं करून पुसलं. साबण लावला. नखानं खरवडलं.
ती माझ्याकडे बघत राहिली,
चुकलेल्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार बघतो तशी.

शेजारचा उलादिस्लाओ म्हणाला, खरूज.
त्याची मेहुणी म्हणाली, यकृत गेलं,
तिच्या दिराचं असंच झालं होतं.
दीर माणूस होता, हे तिला कोणी सांगितलं नाही.

मग साडेआठच्या लाँचनं आचाओला.
पेकास माझ्या कोटात, डोकं तेवढं बाहेर,
लाटांवर गुरगुरत.
डॉक्टरीण बार्रिया, वय असेल माझ्या नातीएवढं,
तिनं पात्यानं कातडी हलकेच खरडली, काचेखाली पाहिली,
किडा नाही म्हणाली, बुरशी नाही.
मग भलतंच विचारू लागली.
घरात स्टोव्ह कुठे? लाकडाचा?
ही झोपते कुठे?
कुठल्या कुशीवर?

कुत्रं कुठल्या कुशीवर झोपतं ते कोण बघतं?
पण डोळे मिटले तर दिसलं:
तोंड दाराकडे, डावं पोट आगीला.

भाजलेलं नाही हे, ती म्हणाली.
भाजायला जेवढी लागते त्याहून कमीच ऊब,
पण रोज, तासन्‌तास.
आतल्या शिरांचा नकाशा वर उमटतो.
पूर्वी म्हाताऱ्या बायकांच्या नडग्यांवर असायचं,
चुलीपाशी बसून बसून.
किती दिवसांपासून झोपते तिथे?

मी तारीख सांगितली. दोन वर्षांपूर्वीची, मार्चमधली.
तिला वाटलं, म्हाताऱ्याची आठवण चांगली आहे.

एक्केचाळीस वर्षं मी जाळी विणली.
पाच बोटांचा डोळा, तीन बोटांचा डोळा,
फाटक्या कडेवरून सांगतो जाळं कुणाच्या हातचं.
आणि घरात, स्टोव्हच्या डाव्या बाजूला,
मोजे घोट्यापर्यंत गुंडाळून बटाटे सोलत बसलेल्या बाईच्या पायांवर
हेच डोळे, हीच वीण.
एकदाच विचारलं होतं, हे काय गं?
म्हणाली, तुझ्या हातचं नाही, इतकं सारखं नाही ते.
आणि सोललेला बटाटा पाण्यात टाकला.
मी हसलो. दिवा मालवला.
कधी लाँचमध्ये घातलं नाही तिला.

डॉक्टरणीनं मलम दिलं नाही.
लांब झोपवा म्हणाली, फिकं होईल,
सगळं जाईलच असं नाही,
गाठ लागली हाताला तर लगेच या.
पैसे कमीच घेतले.

आल्या आल्या स्टोव्ह आणि तिची जागा
यांच्यामध्ये बटाट्यांची पेटी सरकवली.
पेकासनं पेटीला वळसा घातला. मी पेटी सरकवली.
तिनं परत वळसा घातला. मी खुर्ची आडवी लावली,
नोल्फाची, दुसरी नाहीच घरात.
ती जमिनीवर थोडा वेळ कण्हली,
मग खुर्चीच्या पायाला पाठ लावून
उजव्या कुशीवर झोपली.

आता रोज रात्री उताणी करून बघतो.
जुलैत रेघा तशाच. ऑगस्टमध्ये कडा विरघळल्यासारख्या,
किंवा माझा चष्मा.
कधी वाटतं, जाऊ देत.
कधी पेटी थोडी बाजूला घ्यावीशी वाटते.
घेत नाही.

पेटीतल्या बटाट्यांना मात्र
आगीकडच्या बाजूनं मोड आलेत.