बोअरमधली मोटार

टाक्याची जागा तिसऱ्या महिन्यात पाझरली.
ताप नाही, ठणका नाही,
नुसतं बनियनवर पिवळं, रुपयाएवढं.

लातूरला शेटकार डॉक्टरांनी पू तपासायला धाडला.
दोन दिवस काचेच्या बशीत काहीच उगवलं नाही.
पाचव्या दिवशी उगवलं.
टीबीच्या भावकीतला, म्हणाले, पण टीबी नव्हे.
लाखात एखाद्याला होतो.
राहतो कुठं? पाण्यात, मातीत.

मला हसू आलं, तशी जागा ओढली.
बत्तीस वर्षं औशापासून निलंग्यापर्यंत
अडकलेल्या मोटारी काढल्या मी बोअरमधून.
मी तरी कुठं राहिलो?

आता म्हणतात, पेसमेकर काढावा लागेल,
वायरीसकट.
आणि वायर आत धरून बसली असेल तर?
त्यांनी बोटांनी दाखवलं: हळूहळू, फिरवत.

ते ठाऊक आहे मला.
सातशे फुटांवर मोटार अडली की
वर उभं असलेलं कुणी बोलत नाही,
पाईपसुद्धा मनातच मोजतात.

सहीचा कागद आला.
खय्यूम, माझ्या हाताखालचा, दारात उभा.
त्याला एवढंच सांगितलं,
झटका देऊ नका म्हणावं त्यांना.
दोर ताणून धरायचा, अन् थांबायचं.
सोडते ती.
बहुतेक वेळा सोडते.