टाचेएवढं भोक

उद्यमनगरातून रेझीन आणलं, पाच किलोचा डबा,
आणि हार्डनरची बाटली, जी शालननं
बघितल्या बघितल्या तिखटाच्या बरणीपासून लांब नेऊन ठेवली.
नाव अंगणात पालथी, बसलेल्या म्हशीसारखी.
गोठा रिकामा झाल्यापासून
अंगणाला असलं काहीतरी थोराड लागतंच.

भंगारवाला वजनावर देणार होता.
मग म्हणाला, हिला भावच नाही.
काच म्हणून कोण घेईना, प्लॅस्टिक म्हणून कोण घेईना.
बाराशेला सोडली. टेम्पोचे वर आठशे.

घासायला बसलो तर रंगाखाली रंग.
वर नारिंगी, पुराच्या साली घाईत फासलेला.
खाली पोपटी, त्याखाली विटका निळा
आणि एका अंगाला अर्ध्या राजहंसाचा डोळा.
म्हणजे ही आधी रंकाळ्यात होती,
नवी जोडपी संध्यामठापर्यंत फिरवून आणणारी,
भेळेचे कागद पोटात घेऊन.
कुणी खिळ्यानं कोरलं होतं, दिलावर अधिक,
पुढचं माझ्या ग्राइंडरनं खाल्लं.
मी मशीन बंद केलं. थोडा वेळ.
मग परत चालू केलं.

काचेची धूळ मानेत, कोपरात, पापणीत.
कुसळं बरी, दिसतात तरी.
शालननं माझे कपडे वेगळ्या बादलीत टाकले
आणि मला वेगळ्या खाटेवर.

आप्पा गुळव्या होते. उकळत्या रसाचा थेंब
पाण्याच्या वाटीत सोडून, बोटांत गोळी वळून
म्हणायचे, "उतरा."
आधी नाही, नंतर नाही.
इथंही तेच. शंभराला दोन, थंडीत जरा जास्त.
काकवीसारखं रेझीन बोलता बोलता घट्ट होतं
आणि ब्रश जागच्या जागी उभा.
पहिल्या दिवशी माझा हात सैल सुटला,
मग्गा तापला, धुरला, तडकला.
आप्पा असते तर एकच शब्द. करपवलास.

आता भोक.
बुडाला, डावीकडं, टाचेएवढं.
लोक विचारतात, खडकाला लागली काय?
चिखलीत खडक कुठला.
आमच्या फाटकाचा भाला लागला.
मीच केलेला, बारा एमएमच्या सळीचा,
टोक ठोकून चपटं करून धार लावलेला, चोरांसाठी.
त्या सकाळी पाणी फाटकाच्या वर वीतभर.
पोरं नाव घेऊन आली ती आम्हालाच न्यायला
आणि मी पत्र्यावरून ओरडत होतो,
इकडनं या, इकडनं.

अकरा माणसं, एक शेळी.
हौसाक्कानं बघितलं पाणी कुठनं येतंय
आणि काही न बोलता त्यावर टाच रोवली.
सोनतळीचा चढ लागेपर्यंत उचलली नाही.
नंतर सात टाके.
फाटक कुणाचं होतं ते तिला माहीत होतं.

भोकाचा काठ उतरता घासून घेतला.
मॅटचे चार थर, प्रत्येक आधीच्याहून मोठा.
ब्रश ओढायचा नाही, टिपायचा.
हवा आत राहिली की फोड येतो,
आणि आलेला फोड परत कापावा लागतो.

फाटकाचे भाले अजून तसेच आहेत.
मशीन तेच, चाक तेवढं बदलायचं.
रोज म्हणतो.

गळती बघायची तर नाव पाण्यात घालायची नाही,
पाणी नावेत घालायचं.
विटांवर सरळ बसवली. बोअरची मोटर पाऊण तास.
आत शेवगा, वायर, आभाळ, सगळं उलटं.
मी खाली उताणा, टॉर्च घेऊन,
बोटांनी सांधे चाचपत.

हौसाक्का काठी टेकत आली. चप्पल काढली.
शालनच्या खांद्यावर भार देऊन
लुगडं सावरत आत उतरली.
ठिगळाला अजून रंग दिला नव्हता.
मधासारख्या पिवळट काचेतून मला खालून दिसली
तिची टाच, काळी, रुंद,
बरोबर त्याच जागी.

"येतंय काय रं पाणी?"

थेंब नव्हता.

"थांब जरा, आक्का," म्हटलं.
"बघतोय."