सत्तेचाळीस टक्के

डंडीच्या लायब्ररीत, रेडिएटरला पाठ लावून
इश्बेलबाईंचा लॅपटॉप मांडीवर घेतला.
"दर वेळी माफी मागतो मेला," त्या म्हणाल्या,
"सुधारत मात्र नाही. आमच्या ह्यांच्यासारखा."

फायली आधी काढून ठेवल्या:
बटाट्याच्या वाफ्यांच्या नोंदी, बोटीचे फोटो,
'प्रिय'च्या पुढे कोरंच राहिलेलं एक पत्र.
मग सगळं पुसलं.

भाषा कोणती, यंत्रानं विचारलं.
यादीत मराठी होती, माल्टीजच्या शेजारी.
बोट थबकलं.
वर जाऊन इंग्रजी निवडली.

सत्तेचाळीस टक्क्यांवर गाडी अडली.
चारच वाजलेले, तरी टे नदीवर अंधार.
बाईंनी शॉर्टब्रेडचा डबा पुढे सरकवला.

शेवटी पडद्यावर प्रश्न आला: नाव?
एका बोटानं, अक्षरं हुडकत हुडकत
त्यांनी टाइप केलं
माहेरचं.