अजनीचं आउटर

खापरी सुटली की चिंचखेडे डबा बंद करतात,
चपला शोधून पायात घालतात,
आणि दर सकाळी तेच म्हणतात,
"आज नाही थांबत, पाहा तुम्ही."

थांबते.
आधी चाकं किंचाळतात, मग डब्यात
दवाखान्यातल्या बाकावरची शांतता बसते.
शेजारच्या रुळावरून कोळसा निघतो,
एकोणसाठ वाघिणी, मी मोजल्या आहेत.
अकरा वर्षांत एकदाही
कोळशाला लेटमार्क लागलेला नाही.

बर्डीवर माझं दुकान. म्हणजे मालकाचं.
मी डोळे तपासतो,
"खालची ओळ दिसते का?" विचारतो लोकांना.
माझी खालची ओळ अशी :
दहा दहानंतर अंगठा टेकवला तर अर्धा पगार गेला.
यंत्राला आउटर समजत नाही.
ते प्रत्येकालाच थँक्यू म्हणतं.

गेल्या सोमवारी चिडून खापरीलाच उतरलो,
मेट्रो धरायची म्हणून.
उन्हातून चालणं, बॅगेची तपासणी, तिकीट,
समोर निळ्या काचांत चार माणसं, चौघंही गार.
मंगळवारी चिंचखेडे म्हणाले,
"काल तुम्ही नव्हते, काल थांबलीच नाही!"
येरपुडे मॅडम दहाला पाच कमी असताना ऑफिसात पोचल्या
आणि कुलूप उघडायची वाट पाहत
पायरीवर बसून राहिल्या म्हणे.

मे महिन्यात डबा तव्यावर ठेवलेला असतो.
कोणीतरी ओरडतं, "काहून थांबली बे?"
कोणीतरी सांगतं, "क्रॉसिंग होऊन राहिलं."
पोरं उड्या टाकतात, गिट्टीवरून चालायला लागतात.
पुलाखाली ऑटोवाला आमच्या बुटांची धूळ पाहतो
आणि भाडं ठरवतो.

रुळाला लागून एक पिस्ता रंगाचं घर आहे.
त्या घराला माझ्याइतकं कोणी पाहिलं नसेल.
तिथलं पोरगं पाळण्यातून सायकलवर गेलं,
कूलरच्या ताट्या बदलल्या सहा वेळा,
गच्चीवर मुंगवड्या कधी पडतात, मला पाठ आहे.
स्वयंपाकघराच्या खिडकीत एक बाई असते,
तिची पाठ मी ओळखतो. चेहरा नाही.

बुधवारी बाटली संपली. पोरांमागून मीही उतरलो,
आणि त्या घराचं दार वाजवलं.
तिनं मडक्यातून तांब्या भरून आणला,
मी पिईपर्यंत माझ्याकडे रोखून पाहत राहिली.

"तुम्ही या गाडीतले का?"
हो म्हणालो.
"मंग सांगा न कोणाले तरी.
अवं, तुमची गाडी उभी राहिली का मी कुकर लावतो,
हालली का गॅस बंद करतो. घड्याळ पाहतच नाही.
सोमवारी थांबलीच नाही मेली.
वरण कच्चं, यांची कंपनीची बस सुटली,
हिंगण्याले ऑटोनं गेले, अडीचशे रुपये.
एक टाइम नाही काय तिले?"

काय बोलणार. अकरा वर्षं मी ज्यांना शिव्या दिल्या
त्यांच्या वतीनं, हातात तांब्या धरून,
मी त्या बाईची माफी मागितली.
पुन्हा असं होणार नाही, असंही म्हणालो बहुतेक.

तेवढ्यात मागे भोंगा झाला.
"अगं बाई," म्हणत ती आत पळाली, गॅसकडे.
मी गिट्टीवर आलो तेव्हा
शेवटचा डबा वळणावर होता,
दारात चिंचखेडे, एका हातात माझी बॅग,
दुसऱ्या हाताने काहीतरी सांगत होते, ऐकू आलं नाही.

तांब्या माझ्याच हातात राहिला होता.
परत गेलो. दार आतून बंद.
आत कुकरची वाफ सुटत होती, लांबलचक.
पायरीवर तांब्या ठेवला
आणि पुलाकडे चालायला लागलो.