पुस्तकात असं नव्हतं

आमच्याकडे जेवणं दिवस असतानाच उरकतात,
त्यामुळं संध्याकाळ फार लांब पडते.
सातला मुलानं पुण्याहून दिलेला पासवर्ड टाकायचा.
त्रिशला उद्याच्या चटणीच्या शेंगा घेऊन बसते.
मगदूम मास्तर दारात चप्पल काढतानाच विचारतात,
"किती तासाचा?"
दोनच्या वर गेला तर तिथंच नापास.

मी पाटबंधारे खात्यात होतो.
अठ्ठावीस पावसाळे आयर्विन पुलाच्या पट्टीवर पाणी वाचलं.
त्यामुळं पडद्यावर पूर आला की मी आधी खांब शोधतो.
"हे टाकीचं पाणी," म्हणतो. "गाळ कुठाय?
आणि नदी एवढी ओरडत नसते ओ.
कृष्णा चढते तेव्हा आधी आवाज बंद करते."

त्रिशलाचं माप वेगळं.
"पीठ मळतीय, पण बांगड्या मागं सारल्या नाहीत.
हिच्या घरात सैपाकाला बाई असणार."
दोन पुरस्कार मिळालेली नटी,
एका वाक्यात पाटावरनं उठवली.

परवा ती कादंबरी लागली.
माझी कादंबरी. म्हणजे फरकाच्या पैशातनं
हरभट रोडला घेतलेली, चार वेळा वाचलेली,
एकोणीसच्या पुरात भिजलेली.
गच्चीवर वाळवली, तर एकशे बारापासनं पुढची
वीसेक पानं मिळून वडी झाली.
फेकवली नाही.

पडद्यावर तार आली. भाऊ गेल्याची.
बाईनं हंबरडा फोडला, हातातलं पातेलं सुटलं,
घरंगळत पार तुळशीपर्यंत गेलं,
मागं दहा-बारा व्हायोलिनं.
मी उभाच राहिलो. "पुस्तकात असं नव्हतं!
पुस्तकात ती दूध उतू जाऊ देत नाही.
स्टोव्ह बारीक करते, चिमट्यानं पातेलं उतरवते, झाकते,
मग वळते. ते खरं लिहिणं!
ह्या लोकांना गप्प बसलेली बाई दाखवताच येत नाही."
मास्तर म्हणाले, "मी काय वाचलेलं नाही,
तुम्ही म्हणता तसं असेल."
त्रिशला काहीच बोलली नाही.
दाणे आणि टरफलं एकाच ताटात पडत राहिली.

सकाळी ती देवळात गेल्यावर
आधणाच्या वाफेवर पुस्तक धरलं,
दाढीच्या पात्यानं एकेक पान सोडवलं.
एकशे एकोणीस.
हंबरडा. पातेलं. तुळस.
सगळं जसंच्या तसं.
फक्त व्हायोलिनं तेवढी त्यांची.
दूध नाही. स्टोव्ह नाही. चिमटा नाही.
मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं,
वडीतली वीसही पानं बघितली.

मग मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो,
म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली.
आरवाड्यांकडे फोन आलेला, समडोळीचा.
"भूपाल गेला," म्हणालो, तिच्या पाठीकडं बघून.
स्टोव्ह बारीक झाला.
पातेलं उतरलं.
झाकण, नीट, फिरवून.
चिमटा खिळ्याला अडकवला आणि म्हणाली,
"कितीची गाडी हाय?"
मला वाटलं, हिला नीट ऐकू आलं नाही.
मी परत सांगितलं.
परत सांगितलं मी.

सातला मास्तर आले. "मग, कालच्याला गुण किती?"
"सहा," म्हणालो. "पुस्तकाला धरून आहे."
"काल तर शिव्या देत होता!"
"पान सापडलं."
त्रिशलानं ताट पुढ्यात ओढलं,
एक शेंग फोडली, आत बघितलं.
"आणि दूध?"
"नाही निघालं."
"हं," म्हणाली.
"आज हसायचा लावा एखादा.
आणि आवाज बारीक ठेवा."